टेस्टोस्टेरॉन कमी आलंय? इंजेक्शनच्या आधी एलएच बघा

पंचविशी-तिशीतला पोरगा, दिवसभर अंगात जीव नाही, जिममध्ये घाम गाळून पण अंगाला काही लागत नाही, सकाळी उठल्यावर येणारा ताठरपणा महिनोन्महिने गायब आणि बायकोजवळ जायची इच्छाच होत नाही. सांगायचं कोणाला? घरी बोलता येत नाही, मित्र टिंगल करतात, मग भिंतीवरच्या ‘मर्दाना कमजोरी’च्या जाहिरातीतला नंबर नाहीतर जिममधल्या कोणाच्या तरी ओळखीने आणलेलं इंजेक्शन. हे दोन्ही रस्ते नकोत, कारण नुसतं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी आहे एवढं कळणं म्हणजे निदान नव्हे.

आधी टेस्टचं बघू. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि तरुणांमध्ये दुपारनंतर बऱ्यापैकी उतरतं, म्हणून रक्त सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान आणि उपाशीपोटी द्यायचं, ग्लुकोज पोटात गेलं तरी आकडा तात्पुरता खाली येतो. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी घरी जाता जाता लॅबमध्ये रक्त दिलं तर तो आकडा धरायचा नाही, कारण तुमच्या शरीराची सकाळ तुम्ही झोपून उठल्यावर होते, तेव्हा उठल्यापासून दोन-तीन तासांच्या आत सॅम्पल द्या. ताप, डेंग्यू वगैरे चालू असेल तर टेस्ट पुढे ढकला, आजारपणात हे हार्मोन पडतंच. आणि एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही, वेगळ्या दिवशी परत एकदा करायची. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरची रेघ धरली, पण लक्षणं असतील तरच.

वजन जास्त असेल तर अजून एक गोष्ट बघायला लागते. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रोटीनला चिकटून फिरतं, मोकळं असतं फक्त दोनेक टक्के. त्यातलं एसएचबीजी नावाचं प्रोटीन लिव्हरमध्ये बनतं आणि पोट सुटलं, इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की ते कमी होतं, म्हणजे टोटल आकडा कमी दिसतो पण मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. अशा वेळी डॉक्टर एसएचबीजी मागवून हिशोब करतात. वजन उतरलं की बऱ्याच जणांचा आकडा आपोआप वर येतो. झोपेचंही तसंच, २०११ मध्ये शिकागोत दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घसरलं.

आता खरा मुद्दा. दोनदा कमी आलं तर पुढची टेस्ट एलएच आणि एफएसएच (शुक्राणू बनवायचा हुकूम देणारं हार्मोन). मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते, ती एलएच सोडते आणि त्या हुकमावर वृषणात टेस्टोस्टेरॉन बनतं. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच वाढलेलं, तर वृषणातच बिघाड: गालगुंड होऊन वृषण सुजलं होतं का, किंवा एक एक्स क्रोमोसोम जास्त असलेला क्लाइनफेल्टर सिंड्रोम आहे का. हा साधारण सहाशे मुलग्यांमागे एकाला असतो आणि बऱ्याच जणांना तो मूल होत नाही म्हणून तपासायला गेल्यावरच कळतो. डॉक्टरकडे वृषणाचा आकार मोजायला बारा मण्यांची माळ असते, १ मिलीपासून २५ मिलीपर्यंत चढत जाणारे अंडाकृती मणी, एका हाताने वृषण चाचपायचं आणि दुसऱ्या हाताने जुळणारा मणी शोधायचा. मोठ्या माणसाचं १५ च्या पुढे असतं, क्लाइनफेल्टरमध्ये बऱ्याचदा चार-पाचच्या आसपास. तपासणी मिनिटभराची आहे, लाजू नका, डॉक्टरने केलीच नाही तर स्वतःहून विचारा.

एलएच कमी असेल तर गडबड वरून, पिट्युटरीत. इथे एक फसगत होते बघा: टेस्टोस्टेरॉन २२० आणि एलएच ३, रिपोर्टवर एलएच नॉर्मल रेंजमध्ये म्हणून ठळक केलेलं नसतं आणि आपण म्हणतो चला, हे तरी बरंय. पण टेस्टोस्टेरॉन एवढं खाली असताना एलएच वर जायला पाहिजे होतं की, ते गेलं नाही हाच बिघाड. मग प्रोलॅक्टिन, म्हणजे पिट्युटरीचंच दुसरं एक हार्मोन, बघतात. पिट्युटरीवर छोटी गाठ असली की ते वाढतं, सोबत डोकं दुखणं, बाजूचं न दिसणं असलं काही असेल तर एमआरआय लागतो, आणि या गाठी बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आटोक्यात येतात, टेस्टोस्टेरॉनही पुष्कळदा सावरतं. पण ॲसिडिटीसाठी रोज घेतो त्या कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असेल तरी प्रोलॅक्टिन वाढतं! म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. जिममध्ये स्टेरॉइड घेतलं असेल तर तेही सांगा, बंद केल्यावर काही महिने एलएच दबलेलंच राहतं.

आता उपचार, आणि लग्न ठरलेल्या, मूल हवं असलेल्या प्रत्येक पोराने हे नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, टाकी भरल्यावर फ्लोट वर येऊन पाणी बंद व्हावं तसं एलएच बंद होतं. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, ते पडतं आणि शुक्राणू बनायचे थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर हेच इंजेक्शन दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम देऊन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, १९९० मध्ये निकाल आले, अर्ध्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू शून्यावर गेले. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. म्हणून मूल हवं असेल आणि बिघाड वरचा असेल तर एलएचसारखं काम करणारं एचसीजी इंजेक्शन देतात, काहींना क्लोमिफीनच्या गोळ्या, यात वृषण चालू राहतं. वृषणच निकामी असेल आणि मूल नको असेल तेव्हा टेस्टोस्टेरॉन हा योग्य उपचार आहे, आणि तो खरंच माणूस उभा करतो.

सुरुवात सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीतून किंवा एखाद्या एमडी फिजिशियनकडून करा, ते पुढे एन्डोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे, पाठवतील. इंजेक्शन चालू झालं तर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा वाटा, तपासत राहायचं, तो ५४ टक्क्यांच्या वर गेला की रक्त घट्ट होतं आणि डोस थांबवायला लागतो.