महाविद्यालयाच्या इमारतीसाठी 'नमुना ब' अग्निसुरक्षा प्रमाणपत्र कसे सादर करावे?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा कायदा डिसेंबर 2008 पासून राज्यात लागू आहे. त्यानुसार इमारतीतील आग विझवण्याची यंत्रणा सदैव चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे इमारत प्रत्यक्ष वापरणाऱ्याची असते. त्यामुळे इमारत भाड्याची असली, तरी महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेला हात झटकता येत नाहीत.

यंत्रणा प्रथम बसवल्यावर ती नियमाप्रमाणे असल्याचे प्रमाणपत्र म्हणजे 'नमुना अ' आणि त्यानंतर दरवर्षी जानेवारी व जुलै या दोन महिन्यांत ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र म्हणजे 'नमुना ब' सादर करावा लागतो. ही प्रमाणपत्रे महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकांचे लायसन्स असलेली एजन्सीच देऊ शकते. म्हणून काम सोपवण्यापूर्वी लायसन्सची मुदत तपासून त्याची प्रत मागून घ्यावी. आग विझवण्याचे सिलिंडर भरून देणाऱ्या दुकानदाराची पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

सांगली, मिरज व कुपवाडमधील संस्थांनी अर्ज महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागाकडे द्यावा. सोबत मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला, मागील 'नमुना ब' आणि मजलानिहाय उपकरणांची यादी तयार ठेवावी. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.

जुलैची तपासणी सांगलीत अधिक काळजीने करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. कृष्णेच्या 2019 आणि 2021 च्या महापुरांत शहराच्या सखल भागात पाणी शिरले होते. अशा भागात तळघरात किंवा तळमजल्यावर फायर पंप आणि त्याचा विजेचा पॅनेल असेल, तर पाणी ओसरल्यावर दोन्ही पुन्हा तपासून घ्यावेत, मग जुलैचे प्रमाणपत्र फाइलला लागलेले असले तरीही.

एजन्सीचा माणूस येईल तेव्हा प्राचार्यांनी किंवा त्यांनी नेमलेल्या प्राध्यापकांनी त्याच्याबरोबर प्रत्येक मजला फिरावा. पावडरच्या सिलिंडरवरील दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते पाहावे. संगणक कक्षातील कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला सहसा काटा नसतो, त्यामुळे तो वजन करूनच तपासावा लागतो. होजरीलचा, म्हणजे चक्रावर गुंडाळलेल्या पाण्याच्या नळीचा, नळ प्रत्यक्ष सोडून पाणी किती जोराने येते, तेही पाहावे. मुलींच्या सुरक्षिततेसाठी म्हणून वसतिगृहाच्या मागच्या जिन्याला रात्री कुलूप लावण्याची पद्धत असेल, तर ती त्याच दिवशी बंद करावी आणि तेथे आतून सहज उघडणारा, बाहेरून न उघडणारा दरवाजा बसवावा.