मालकीण आणि मोलकरीण: एका कादंबरीमागचा इतिहास

थ्रिटी उम्रीगर यांच्या ‘द स्पेस बिट्वीन अस’ (२००६) या इंग्रजी कादंबरीत मुंबईतलं पारशी घर आहे. सेरा मालकीण, भीमा तिच्याकडे वर्षानुवर्षं काम करणारी. दोघीही संसारात पोळलेल्या, एकमेकींची दुःखं जाणणाऱ्या. पण चहा पिताना सेरा खुर्चीवर आणि भीमा जमिनीवर. तिचा कपही वेगळा.

ही कपाची रीत पैशाच्या दरीतून आलेली नाही, ती जातीतून आली. पारशी समाजाने ती बहुधा शेजारातून उचलली. पेशवाईतल्या पुण्यात सधन वाड्यांत कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, राबत. त्यांची खरेदी-विक्री होई. १८४३च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली, कामांची उतरंड मात्र टिकली. सोवळ्यातल्या स्वयंपाकाला बहुधा आश्रित विधवा, धुण्याभांड्याला दुसरी कुणी, आणि संडास साफ करणारीला मागच्या दारापलीकडे मज्जाव.

मुंबईचं चित्र थोडं निराळं होतं. तिथल्या सुखवस्तू घरांत पूर्वी कोकणातून आलेला गडी, म्हणजे ‘रामा’, सर्रास असे. कष्टकरी बायका गिरणीत जात. १९२०च्या दशकात गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती, मुख्यतः वाइंडिंग-रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यांत. पुढे नवी यंत्रं आली, पाळ्या बदलल्या, रात्रपाळीला बायकांना बंदी होतीच. त्यांची संख्या घसरत गेली. १९८२च्या संपानंतर तर गिरणगावातली कितीतरी घरं पुरुषाच्या पगारालाही मुकली. १९७२च्या दुष्काळाने खेड्यांतली कुटुंबं शहरांकडे लोटली होतीच. अशा बायकांना विनाभांडवल मिळणारं काम म्हणजे धुणंभांडी आणि केरफरशी. त्याच काळात मध्यमवर्गीय बाई नोकरीसाठी बाहेर पडत होती. तिच्या आठ तासांच्या ऑफिसचा हिशेब या दुसऱ्या बाईशिवाय जुळत नव्हता, कारण घरातल्या पुरुषाने भांड्यांना हात लावला नव्हता. स्त्रीमुक्तीच्या चर्चेत हे फार उशिरा बोललं गेलं, असं माझं मत.

कादंबरीत सेराचा जावई भीमावर चोरीचा आळ घेतो आणि एवढ्या वर्षांची नोकरी क्षणात जाते. नोटीस नाही, चौकशी नाही. हे कथानकाच्या सोयीसाठी रचलेलं वाटत नाही, कारण घरकामात नेमणुकीचा कागदच नसतो. पुण्यात १९८०मध्ये मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली. मागण्या होत्या पगारवाढीच्या, हक्काच्या सुट्टीच्या. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला तो २००८मध्ये. २०११मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण पुढे त्याला मंजुरी दिलेली नाही.