उडणारा कीटक म्हणजे वाचलेला कीटक

इंग्लंडच्या हॅम्पशरमध्ये इचेन नावाची नदी आहे. खडूच्या खडकातून झिरपून येणारं तिचं पाणी इतकं नितळ असतं, की काठावरून तळातली पाणवनस्पती आणि तिच्या आडोशाला स्थिर उभा असलेला ट्राउट मासा सहज दिसतो. मे-जूनच्या संध्याकाळी पाण्याच्या वर हवेत मेफ्लाय या कीटकांचे थवे तरंगू लागतात आणि त्याच वेळी पृष्ठभागावर जागोजागी वर्तुळं उमटतात. मासे काहीतरी टिपत असतात.

फ्लाय फिशिंगला, म्हणजे नकली कीटक गळाला लावून मासे धरायला आलेला नवखा माणूस या दोन्हींची लगेच सांगड घालतो. हवेत मेफ्लाय आहेत, म्हणजे मासे मेफ्लायच खात असणार! डबीतून तसाच दिसणारा, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला नकली कीटक काढून तो गळाच्या दोरीला बांधतो आणि अलगद पाण्यावर सोडतो. मासा अगदी त्याच्या शेजारी वर येतो, दुसरंच काहीतरी गिळतो आणि खाली जातो. असं तासभर चालू शकतं.

तो कीटक ओळखण्यात चुकलेला नसतो. त्याची गल्लत वेगळीच असते. जे कीटक हवेत दिसतात, ते माशाच्या तोंडातून सुटलेले असतात. खाल्ले गेलेले कीटक बहुधा हवेपर्यंत पोचलेलेच नसतात. म्हणून मासा काय खातोय हे शोधायचं, तर वर बघणं सोडून पाण्यात बघावं लागतं.

मेफ्लायचं बहुतेक आयुष्य पाण्याखालीच जातं. काही जातींची पिल्लं काही महिने, तर काहींची दोन वर्षांपर्यंत दगडांखाली किंवा गाळात राहतात. या पिल्लांना निम्फ म्हणतात. वेळ आली की निम्फ पोहत वर येतं, पाण्याच्या पृष्ठभागाला टेकतं, त्याची पाठ उकलते आणि आतून पंख असलेला कीटक बाहेर पडतो. एवढ्याशा जिवासाठी पृष्ठताणाचा तो पातळ पडदा ओलांडणं फार कष्टाचं असतं. कोणी अर्धवट कातीतच अडकतो, कोणाचे पंख सुकायला वेळ लागतो. बाहेर पडलेला कीटक मळकट, धूसर पंखांचा असतो. झाडाझुडपांवर जाऊन तो आणखी एकदा कात टाकतो आणि मग त्याचे पंख काचेसारखे लखलखीत होतात. पंख फुटल्यानंतर पुन्हा कात टाकणारे आजच्या कीटकांत फक्त मेफ्लायच. प्रौढाचं तोंड खाण्याच्या उपयोगाचं नसतं. काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत मीलन करून, अंडी घालून तो पाण्यावर पंख पसरून मरून पडतो.

म्हणजे एकाच जातीचा कीटक माशाला चार रूपांत भेटतो: तळातलं निम्फ, पडद्याला अडकलेला अर्धवट कीटक, पाण्यावर बसलेला ताजा कीटक आणि शेवटी निपचित पडलेला मेलेला कीटक. माशाच्या हिशेबाने यातला अडकलेला कीटक सगळ्यात स्वस्त. तो पळत नाही, उडत नाही आणि प्रवाहाबरोबर ठरल्या वाटेने येतो. प्रवाहात जागा धरून राहायलाही माशाला ऊर्जा लागतेच. त्यामुळे कमी धडपडीत जास्त मिळेल तेच तो घेतो.

ही समज यायला इंग्लंडमध्ये जवळपास शंभर वर्षं लागली. आल्फ्रेड रोनाल्ड्स यांनी स्टॅफर्डशरमध्ये ब्लाइद नदीच्या काठावर एक छोटी खोली बांधली आणि तिच्यातून ते मासे न्याहाळत बसत. मेलेल्या घरमाश्यांना लाल तिखट आणि मोहरी लावून त्यांनी त्या नळीतून फुंकून पाण्यावर सोडल्या, आणि माशांनी त्या गिळल्या! चवीपेक्षा डोळ्यांवर मासा अधिक विसंबतो, हे यावरून दिसत होतं. १८३६ मध्ये त्यांनी मच्छीमारांसाठी कीटकांचं सचित्र पुस्तक काढलं, आणि पाण्याखालून माशाला वरचं जग कसं दिसत असेल याचं प्रकाशाच्या वक्रीभवनाच्या आधारे स्पष्टीकरणही त्यात दिलं. एका हौशी मच्छीमाराने भौतिकशास्त्र आणि कीटकशास्त्र असं एकत्र आणावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

वक्रीभवनाचा तो मुद्दा आजही कळीचा आहे. पाण्यातल्या माशाला वरचं सगळं आकाश आणि काठ सुमारे ९७ अंशांच्या शंकूत एकवटलेले दिसतात. मासा अर्धा मीटर खोल असेल, तर त्याच्या डोक्यावरची ही गोल खिडकी सुमारे १.१ मीटर व्यासाची असते. तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात नदीचा तळच दिसतो. पाण्यावर बसलेला कीटक दूर असताना माशाला फक्त त्याच्या पायांनी आरशात पडलेले खळगे दिसतात. तो खिडकीच्या कडेशी आला की आधी पंखांची टोकं दिसतात आणि मग अंग. पडद्याखाली लोंबकळणारं निम्फ मात्र सरळ पाण्यातच असतं. ते माशाला आधीपासून पूर्ण दिसत असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्लाय फिशिंगवर लिहिणाऱ्या फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्या प्रभावाने खडूच्या नद्यांवर वेगळाच दंडक रूढ झाला. वर येऊन खाणारा मासा दिसल्याशिवाय गळ टाकायचा नाही, आणि टाकायचा तो तरंगणारा, प्रौढ कीटकासारखा दिसणाराच. इचेनवर मासेमारी करणारे लंडनचे वकील जी. ई. एम. स्क्यूज यांना हे पटेना. हाडातला मगज काढायच्या लांब चमच्याने ते पकडलेल्या माशाच्या पोटातलं अन्न काढायचे आणि पांढऱ्या बशीतल्या पाण्यात पसरायचे. वर येऊन खाताना दिसलेल्या माशांच्या पोटातही बशीभर निम्फच निघत. १९१० मध्ये त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडलं. निम्फच्या नकलेने मासे धरणं खिलाडूपणाला धरून आहे का, यावर वाद पेटला तो इतका, की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा झाली. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या घरात होते. माझ्या मते त्या बशीतला पुरावा पहिल्या दिवसापासून पुरेसा होता.

पुढे इंग्लंडमधल्याच एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी आणखी बारीक काही टिपलं. पोहणारं निम्फ पाय अंगाशी घट्ट दुमडून घेतं. म्हणून त्यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीतलं पीस आणि तांब्याची तार वापरून बिनपायांची नक्कल बनवली. ती आज जगभर वापरली जाते.

प्रत्येक वेळी माशाचं पोट तपासायची गरज नसते. पाण्यावरची खूणही बोलते. माशाची पाठ आणि पाठीवरचा पर दिसला पण तोंड बाहेर आलं नाही, तर तो पडद्याखालचं निम्फ टिपतोय. छोटंसं शांत वर्तुळ उमटलं आणि मागे बुडबुडा राहिला, तर पृष्ठभागावरचा, बहुधा मेलेला कीटक. तोंडात शिरलेली हवा कल्ल्यांवाटे बाहेर पडते, तोच हा बुडबुडा. जोराचा शिंतोडा उडाला तर पळू पाहणारा कॅडिसफ्लाय हा दुसरा पाणकीटक असण्याची शक्यता जास्त. त्याचा कोश वेगाने वर येतो आणि कीटक लगेच उडायला बघतो. स्टोनफ्लाय या आणखी एका पाणकीटकाचं निम्फ तर पाण्यातून रांगत काठच्या दगडावर येतं आणि तिथे कात टाकतं. दगडावर रिकाम्या काती दिसल्या, तर माशांचं खाणं काठाजवळच्या तळाशी चाललं होतं असं समजावं. आणि सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे बारीक जाळी. ती प्रवाहात दोन-चार मिनिटं धरली की वाहत येणारा ऐवज हातात येतो.

मात्र नदीत जे वाहतंय ते सगळं मासा खातोच असं नाही. पंगतीत काय वाढलं आणि पानातलं काय संपलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शास्त्रज्ञ इव्हलेव्ह यांनी सुचवलेल्या निर्देशांकात हाच फरक मोजला जातो. पोटातल्या प्रमाणातून पाण्यातलं प्रमाण वजा करायचं आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचं. एखादं निम्फ पाण्यात २० टक्के आणि पोटात ६० टक्के असेल, तर उत्तर ०.५ येतं, म्हणजे मासा ते ठळकपणे निवडतोय. उत्तर उणे आलं तर तो ते टाळतोय. आता यासाठी मासा मारावा लागत नाही. पोटात नळीने पाणी सोडून अन्न बाहेर काढतात आणि माशाला परत नदीत सोडतात. मऊ अंगाचे कीटक लवकर पचून दिसेनासे होतात, पण डीएनए तपासणीत त्यांचाही माग लागतो.

वेळेचंही भान हवं. अमेरिकेत मिनेसोटात थॉमस वॉटर्स या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात दाखवलं, की तळातले कीटक प्रवाहात सर्वाधिक वाहतात ते अंधार पडल्यावर. दुपारी रिकामी वाटलेली नदी रात्री अन्नाने भरलेली असू शकते.

काश्मीर आणि हिमाचलमध्ये ट्राउट आले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ब्रिटिशांनी आणून सोडल्यामुळे. कुलूच्या तीर्थन नदीवर गळ टाकायचा असेल, तरी आधी पाण्यातला दगड उलटून बघायला हवा. सह्याद्रीच्या ओढ्यांत ट्राउट नाहीत, पण दगड उलटला तर चपट्या अंगाची, पोटाच्या बाजूंना कल्ले हलवणारी मेफ्लायची निम्फं तिथेही चिकटलेली दिसतात.

ही निम्फं गढूळ किंवा विषारी पाण्यात सहसा टिकत नाहीत. त्यामुळे आता ब्रिटनमधले मच्छीमार हीच नजर दुसऱ्या कामाला लावतात. ठरावीक ठिकाणी, दर महिन्याला, ते तीन मिनिटं पायाने नदीचा तळ ढवळतात, जाळीत आलेले कीटक पांढऱ्या ट्रेमध्ये ओततात आणि आठ गटांतली संख्या मोजून प्रत्येक गटाला गुण देतात. गुणांची बेरीज त्या जागेसाठी ठरवलेल्या पातळीखाली गेली की पर्यावरण खात्याला कळवलं जातं, आणि नदीत वरच्या बाजूला कोणी काय सोडलं याचा शोध सुरू होतो.