गाइड डॉगला सराफ्यातून नेता येईल?

इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री खाऊगल्ली. रात्री दहाला तिथे माणसाला दिसतात जिलब्यांच्या कढया, तळलेला गराडू (एक कंद) आणि भुट्ट्याच्या किसाची वाफ. जमिनीपासून दोन फुटांवर नाक असलेल्या प्राण्याला मात्र वेगळाच सराफा भेटतो. तूप लागलेले द्रोण, सांडलेली शेव, चिंचेच्या चटणीने माखलेला कागद, पोराच्या हातून निसटलेला कचोरीचा तुकडा. 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलेलं हे शहर आहे, झाडू इथे चोख फिरतो. पण झाडू फिरायच्या आधीचे ते काही तास कुत्र्यासाठी दिवाळीच.

आता या गर्दीत एक लॅब्रडॉर आणा. त्याच्या अंगावर हार्नेस चढवा आणि हार्नेसची मूठ एका दृष्टिहीन माणसाच्या डाव्या हातात द्या. पुढे काय होईल?

आपल्याकडे हे दृश्य जवळपास नाहीच. इथे पांढरी काठी असते, नाहीतर कुणाचा तरी खांदा. गाइड डॉगची, म्हणजे दृष्टिहीनांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची पहिली पद्धतशीर शाळा 1916 साली जर्मनीत ओल्डेनबुर्गला निघाली, महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी. 1929 मध्ये अमेरिकेत ‘सीइंग आय’ ही शाळा उभी राहिली, 1931 मध्ये ब्रिटनने सुरुवात केली. तेव्हा भर जर्मन शेफर्डवर होता. आज बहुतेक ठिकाणी लॅब्रडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि या दोघांचा संकर. या कुत्र्यांच्या शहाणपणाच्या गोष्टी आपण खूप ऐकतो : भरधाव गाडी येत असेल तर ‘चल’ म्हटलं तरी जागचा न हलणारा कुत्रा वगैरे. ते खरंच आहे. पण हाच शहाणा जीव फुटपाथवर पडलेला चिप्सचा तुकडा दिसला की अट्टल चोर होतो, हे तितक्या कौतुकाने कुणी सांगत नाही.

आणि चोरी पकडायची कुणी? ज्याला दिसत नाही त्याने! ती पकडली जाते हातानेच. हार्नेसची मूठ ताठ असते, कुत्र्याच्या खांद्याची प्रत्येक हालचाल तिच्यातून वर येते. मान खाली गेली की मूठ पुढे झुकते. चाल किंचित मंदावते, पट्टा एका बाजूला ओढला जातो, नाकाचा भरभर श्वास ऐकू येतो. सरावलेला माणूस तिथेच थांबतो, उजवा हात कुत्र्याच्या पाठीवरून मानेकडे नेतो आणि जबड्याखाली बोटं लावून बघतो, काही चघळणं चाललंय का. बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. लॅब्रडॉर चघळत बसत नाही, गिळतो.

खाल्लं तर खाल्लं, एवढ्यावर हे प्रकरण थांबत नाही. दृष्टिहीन माणूस रस्त्याचा नकाशा डोक्यात धरून चालतो : सरळ, मग उतार, मग डावीकडे. कुत्रा वडापावच्या कागदाकडे अर्धं पाऊल सरकला की ती सरळ रेषाच मोडते. नाक जमिनीला लागलेल्या कुत्र्याचं समोरच्या खांबाकडेही लक्ष नसतं. दोन-तीनदा असं झालं की माणसाला आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे तेच कळेनासं होतं. रहदारीच्या कडेला हे अंगावर येणारं आहे.

मग निवडून, पारखून, वर्ष-दीड वर्ष शिकवून तयार केलेल्या कुत्र्यात ही हाव राहतेच कशी? उत्तराचा एक मोठा भाग 2016 मध्ये केंब्रिज विद्यापीठातून आला. एलिनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांनी लॅब्रडॉरच्या पीओएमसी या जनुकात एक तूट शोधली : डीएनएची 14 अक्षरं गायब. या जनुकापासून बनणारे काही रेणू मेंदूला ‘आता पुरे’ सांगण्याच्या यंत्रणेत असतात. तूट असेल तर त्यांतले दोन नीट बनत नाहीत. तुटीची एक प्रत असेल तर वजन सरासरी सुमारे 2 किलोने जास्त, दोन असतील तर त्याच्या दुप्पट. साधारण चार लॅब्रडॉरमागे एकात ही तूट सापडली.

या शोधातली खरी गंमत पुढे आहे. याच अभ्यासात मदतनीस म्हणून काम करणारे 81 लॅब्रडॉर तपासले, तर त्यांतल्या 76 टक्क्यांत ही तूट निघाली. चारांत एक नाही, चारांत तीन! कुणी मुद्दाम खादाड कुत्रे निवडले नव्हते. शिकायला सोपे, बक्षिसासाठी जीव टाकणारे कुत्रे निवडले, त्यांचीच पिढी पुढे चालवली, आणि त्यासोबत न कळत भूकही निवडली गेली असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. मला तो पटतो. घासासाठी शंभरदा तीच गोष्ट करायला तयार असलेला कुत्राच लवकर शिकणार, आणि तोच फुटपाथवरचा घासही सोडणार नाही. ज्याला आपण खोड म्हणतो ती बऱ्याच अंशी त्याच्या नोकरीची पात्रता आहे.

ही भूक नेमकी कशी असते, तेही 2024 मध्ये त्याच गटाने मोजलं. सकाळचं जेवण झाल्यावर तीन तासांनी कुत्र्याला सॉसेज दाखवून ते भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात ठेवलं. वास येतो, दिसतंही, पण मिळत नाही. तूट असलेले कुत्रे डब्याभोवती जास्त घुटमळले. पण आणखी एका चाचणीत, नको म्हणेपर्यंत डब्यांमागून डबे खायला घातले तेव्हा त्यांनी इतरांपेक्षा जास्त खाल्लं नाही. म्हणजे पोट भरल्याचं त्यांना कळतं. दोन जेवणांच्या मधली भूक मात्र त्यांची जास्त असते. वर भर म्हणून, स्वस्थ पडून असताना त्यांचं शरीर सुमारे 25 टक्के कमी ऊर्जा जाळतं. भूक जास्त, खर्च कमी. आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघणारे गोलमटोल लॅब्रडॉर बघताना मी हल्ली मालकाला दोष देण्याआधी जरा थांबतो. (पूर्ण माफ करत नाही, पोह्यांसोबतची जिलबी त्यांना कोण भरवतं ते मला ठाऊक आहे.)

जनुकांवर सगळं ढकलता येत नाही, कारण कचऱ्यात तोंड घालण्याची सवय स्वतःच स्वतःला पोसते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर दाखवलेला नियम आहे : बक्षीस दर वेळी मिळत असेल तर ते बंद झाल्यावर सवय लवकर सुटते, कधी मिळतं, कधी नाही असं असेल तर ती चिवट होते. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस हरूनही दुकानावर परत जातो, तसंच. फुटपाथ ही कुत्र्याची लॉटरी आहे. वीसदा हुंगून एकदा समोशाचा कोपरा मिळाला की पुढची वीस हुंगणी पक्की. म्हणून ‘एकदा खाल्लं तर काय बिघडलं’ हे इथे चालत नाही. ते एकदाचं खाणंच कुत्र्याला चटावून ठेवतं.

मुळात कुत्रा हा प्राणी माणसाच्या उष्ट्यावर वाढला. 2013 मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या एएमवाय2बी या जनुकाच्या लांडग्यात साधारण 2 प्रती असतात, कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत. पोळी-भात पचवायची सोय त्याच्या पेशींतच झाली. गवत खाणंही तसंच जुनं. कॅलिफोर्नियातल्या बेंजामिन हार्ट यांच्या पाहणीत वनस्पती खाणाऱ्या कुत्र्यांपैकी थोडेच आधी आजारी दिसले, तेव्हा ‘पोट बिघडलं म्हणून गवत खातो’ हे पूर्ण खरं नाही. विष्ठा खाण्याबद्दल मालक कुजबुजत विचारतात. हार्ट यांच्याच 2018 च्या अभ्यासात सुमारे 16 टक्के कुत्रे हे वरचेवर करताना आढळले, बहुतेक जण दोन दिवसांच्या आतली ताजीच खात, आणि त्यावर विकल्या जाणाऱ्या पुड्या-गोळ्या जवळपास निरुपयोगी ठरल्या. किळस आपली आहे, कुत्र्याची नाही.

धोका मात्र खरा आहे, आणि इंदुरी ताटात तो ओळखीच्या रूपात येतो. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. 30 किलोच्या लॅब्रडॉरला पोह्यांवरच्या चिमूटभर कांद्याने लगेच काही होत नाही, पण पातेलंभर मसाला चाटला तर होतं, आणि रोज थोडाथोडा गेला तरी तो साचत जातो. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडावर का उठतात हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. अलीकडे बोट टार्टारिक आम्लाकडे गेलं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच बिघाड नोंदवला गेला. म्हणजे तो चटणीचा कागद वाटतो तितका निरुपद्रवी नाही. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या च्युइंगगममुळे त्याच्या रक्तातली साखर झपकन उतरते. शिजलेली हाडं चिरफाळून टोकदार होतात. दाणे खाऊन फेकलेला कणसाचा दांडा आतड्यात अडकला की थेट शस्त्रक्रिया. बाफल्यावरून (बाटीसारख्या, आधी उकडलेल्या गोळ्यावरून) निथळणारं तूप स्वादुपिंडाला सूज आणू शकतं.

उपाय काय करतात? पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की ते सांभाळणाऱ्या घरात जातं, तिथला पहिला कायदा : ताटातलं देणं नाही, ओट्यावरचं नाही, जमिनीवर पडलेलं तर नाहीच. जेवण ठरल्या वेळी, मोजून, स्वतःच्या भांड्यात. तोंडात काही गेलंच तर जबडा फाकवून ओढायचं नाही. त्यातून कुत्रा एवढंच शिकतो की पुढच्या वेळी अजून घाईने गिळायचं. त्याऐवजी ‘सोड’ म्हणायचं आणि सोडल्याबरोबर त्याहून चांगला घास हातावर द्यायचा. पूर्वी कित्येक शाळा खाऊ देऊन शिकवायला कचरत, कुत्रा हावरट होईल म्हणून. गेल्या काही वर्षांत उलट झालं. घास हे पगाराचं नाणं झालं, आणि ते माणसाच्या हातूनच मिळतं, जमिनीवरून कधीच नाही, हा फरक कुत्र्याच्या मनात ठसवला जातो. तरीही हार्नेस उतरवून बागेत मोकळं सोडलं की नाक परत गवतात. तिथे काही जण जाळीची मुसकी घालतात. तिच्यातून श्वास घेता येतो, पाणी पिता येतं, मेलेला कबुतर मात्र उचलता येत नाही.

पण कुठल्याही शाळेला न आवरणारी गोष्ट म्हणजे प्रेमळ लोक. परदेशात गाइड डॉग घेऊन फिरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार, की कुणीतरी न विचारता बिस्किट देतं. इथे तर ते पुण्याचं काम. पितृपक्षात आपण कुत्र्याच्या नावचा घास बाजूला काढतो, शनिवारी भैरवाचं वाहन म्हणून त्याला पोळी घालतो, आणि कामावरचा कुत्रा आणि गल्लीतला कुत्रा यांत फरक करायची सवय आपल्याला नाही. सराफ्यातून गाइड डॉग नेता येईल, असं मला वाटतं. कुत्र्याला ते शिकवता येतं. अडचण येईल ती ‘अरे, एवढंसं खाऊ दे ना बिचाऱ्याला’ म्हणणाऱ्यांची.

वजनाची तपासणी मात्र दृष्टिहीन माणूस डोळसापेक्षा वाईट करत नाही, कारण ती हातानेच करायची असते; दाट केसांमुळे डोळे फसतात. बोटं कुत्र्याच्या बरगड्यांवरून हलकेच फिरवायची. मग आपलाच हात चाचपायचा. बरगड्या मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर कुत्रा हडकुळा, तळहातासारख्या आत दडल्या तर जाडा, आणि पसरलेल्या पंजाच्या मागच्या बाजूसारख्या लागल्या तर बेताचा. अमेरिकेत 48 लॅब्रडॉरवर केलेला एक दीर्घ अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न आयुष्यभर दिलं होतं. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य 13 वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं 11.2. कमी खाणाऱ्यांत सांधेदुखीही उशिराने सुरू झाली.