चिंच, फवारणी आणि तोंडाचं पाणी

गाभुळलेली चिंच हातात आली, की जिभेला लागायच्या आधीच कानाखाली बारीकशी कळ येते आणि तोंडाला पाणी सुटतं. कळ येते तिथेच आपली सर्वांत मोठी लाळग्रंथी असते. सगळ्या लाळग्रंथी मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ करतात. हुकूम मेंदूचा, पण तो पेशीच्या आत पोचवतो एक स्निग्ध पदार्थ, आणि मला या साऱ्यात तेच सर्वांत नवलाचं वाटतं.

पेशीभोवतीचं पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. शाळेत आपण त्याला नुसतं कुंपण समजतो. त्याच्या आतल्या अंगाला पिप-टू नावाचं लिपिड, म्हणजे तोच स्निग्ध पदार्थ, अगदी थोडं असतं. मज्जातंतूतून आलेलं ॲसिटिलकोलीन हे निरोप्या रसायन पटलावरच्या ग्राहकाला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला चिकटलं, की एक विकर (एन्झाइम) या पिप-टूचे दोन तुकडे करतं. एक पटलातच राहतो. दुसरा, आयपी-थ्री, पेशीच्या आत सुटतो आणि कोठारात साठवलेलं कॅल्शियम मोकळं करतो. मग क्लोराइडला पेशीबाहेर सोडणारी दारं उघडतात, पाठोपाठ सोडियम जातं, आणि मिठाच्या ओढीनं पाणी. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, ती हीच ओढ.

याचा पहिला धागा 1953 मध्ये लोवेल आणि मेबल होकिन या शास्त्रज्ञ दांपत्याला कबुतराच्या स्वादुपिंडात सापडला. पुढे शास्त्रज्ञ मायकेल बेरिज यांनी माशीच्या इवल्याशा लाळग्रंथीवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि आयपी-थ्री कॅल्शियम सोडतं हे 1983 मध्ये सिद्ध झालं.

आपल्याकडे हे केवळ पुस्तकी ज्ञान नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि मजूर विषबाधेनं दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं ॲसिटिलकोलीन मोडणारं विकरच बंद पाडतात. निरोप थांबतच नाही. पिप-टू तुटत राहतं, तोंडातून लाळ गळत राहते, छातीत पाणी साचून घरघर लागते. फवारणीनंतर लाळ गळणं, घाम फुटणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं दिसलं, तर माणसाचे कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा आणि लगेच दवाखान्यात न्या.

तिथे ॲट्रोपिन देतात. ते ॲसिटिलकोलीनची जागा अडवतं. धुऱ्यावरच्या धोतऱ्यातही ॲट्रोपिन असतं, म्हणूनच धोतरा पोटात गेला की घशाला कोरड पडते. पण उतारा म्हणून तो कधीच देऊ नका. त्यात विष किती, हे पानाकडे किंवा बोंडाकडे पाहून कळत नाही. डॉक्टर मात्र छातीतली घरघर थांबेपर्यंत मात्रा मोजून वाढवत नेतात.