शवपेटी परतली, थडगे हरवलेलेच

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने जुलै २०१७ मध्ये पॅरिसच्या एका व्यापाऱ्याकडून सोन्याने मढवलेली शवपेटी ३५ लाख युरोंना विकत घेतली. ती प्राचीन इजिप्तमधल्या नेजेमान्ख या पुजाऱ्याची, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. लिननच्या थरांवर लेप, त्यावर उठावाची चित्रे, वरून सोन्याचा वर्ख आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चांदीचा. सोबत इजिप्तचा १९७१ सालचा निर्यात परवानाही होता.

परवाना बनावट होता आणि जुने साल त्यावर मुद्दाम टाकलेले होते. १९८३च्या कायद्याने इजिप्तमधला पुरावस्तूंचा व्यापार बंद झाला. त्याआधी परवाना काढून त्या रीतसर देशाबाहेर नेता येत. इथे प्रयोगशाळेचा उपयोग थोडाच. कार्बन-१४ चाचणीने लिननसाठीचे जवसाचे पीक केव्हा कापले याचा अंदाज मिळतो; पेटी जमिनीतून केव्हा उपसली, हे त्यातून कळत नाही. पितळ उघडे पडले ते कागदावर. परवान्यावर तारीख मे १९७१ची आणि शिक्का ‘अरब रिपब्लिक ऑफ इजिप्त’चा. देशाने ते नाव घेतले त्याच वर्षीच्या सप्टेंबरात! त्याआधी तो ‘युनायटेड अरब रिपब्लिक’ होता.

तपासात निघाले ते असे: २०११च्या उठावाच्या धामधुमीत पेटी इजिप्तच्या मिन्या भागातून चोरली गेली आणि अमिरात, जर्मनी, फ्रान्स असा प्रवास करत अमेरिकेत पोहोचली. फेब्रुवारी २०१९ मध्ये म्युझियमने तिच्याभोवती मांडलेले प्रदर्शन मुदतीआधीच गुंडाळले आणि सप्टेंबरात ती इजिप्तच्या हवाली झाली. पुढे कैरोच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात ती लोकांसमोर आली.

ती घरी गेली याचा मला मनापासून आनंद आहे, पण नुकसान भरून निघालेले नाही. थडगे कोणते, शेजारी कोणाला पुरले होते, कोणती भांडी ठेवली होती, हे मातीच्या थरांतच वाचता येते आणि चोराची कुदळ ते थर एका रात्रीत उलथून टाकते. पेटीत नेजेमान्खचे शवही नव्हते. हाडे-दात असते, तर त्याचे वय, आहार, आजार यांचा काही माग लागला असता.

पुरातत्त्वज्ञ सारा पार्काक यांच्या गटाने इजिप्तमधल्या प्राचीन स्थळांची २००२ ते २०१३ या काळातली उपग्रहचित्रे तपासली. लुटीचे खड्डे २०११ नंतर वाढले, हे अपेक्षितच होते. पण ते २००९च्या आर्थिक मंदीपासूनच झपाट्याने वाढू लागले होते. त्यामुळे सगळे खापर क्रांतीवर फोडता येत नाही. हातातोंडाची गाठ पडणे आधीच कठीण झाले होते, आणि परदेशातले गिऱ्हाईकही आधीपासूनच पैसे घेऊन उभे होते.