सड्यावरचे गवत

सडा म्हणजे कोकणातला जांभ्या दगडाचा सपाट माथा. रत्नागिरी व सिंधुदुर्गात सड्यावरच्या आणि लगतच्या वरकस, म्हणजे भातखाचरांच्या वरच्या हलक्या जमिनीच्या, उतारांवरच्या गवतात काय टिकते, हे ते कधी कापले, चारले किंवा जाळले यावर बरेचसे ठरते. अशा जमिनीला सर्रास पडीक म्हणतात. ते चूक आहे.

इथली माती आम्लधर्मी आणि कातळावर बोटभरच असते. तिच्यातले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात, तर चार महिन्यांत कोसळणारा पाऊस चुना आणि पालाश धुऊन नेतो. या उपासमारीतच गेंद फुलतो, शिवाय नत्राची उणीव किडे खाऊन भरून काढणाऱ्या दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पतीही वाढतात. अशा ठिकाणी खत टाकले, तर उंच गवत माजते आणि या चिमुकल्या वनस्पती सावलीत मरतात.

गवत बी झडल्यावर कापावे. आधी कापले तर पुढच्या वर्षीचे बियाणेही भाऱ्यातून गवताच्या गंजीत जाते. पावसाळ्यात मोजकी गुरे चरली की उंच गवत आटोक्यात राहते, पण फार झाली तर ओल्या मातीवर खुरांचा चिखल होतो आणि गुरे ज्याला तोंड लावत नाहीत तो टाकळा पसरतो. गुरे पूर्ण थांबली, तर जिथे माती खोल आहे तिथे करवंद आणि रानमोडी शिरतात.

वणव्याने हिरवळ लवकर फुटते, हा समज अर्धाच खरा आहे. राखेतून पालाश मिळतो, मात्र नत्र आणि सेंद्रिय अंश धुरातून जातात, आणि उघड्या उतारावरची राख पहिल्याच सरीत वाहून जाते. कुसळी गवताला वणव्याचे फारसे काही वाटत नाही: तिचे कुसळ ओलाव्याने पीळ उलगडत बी मातीत खुपसते, म्हणून ते आगीतून वाचते. वारंवार जळणाऱ्या उतारांवर म्हणूनच अशी राठ गवते उरतात. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या) आणि गवत खाली नेऊन भाजतात, तेव्हाही वरकसाचाच कस तरव्याला, म्हणजे भाताच्या रोपांना, मिळतो. त्याची परतफेड क्वचितच होते.

आंब्याच्या कलमांसाठी सुरुंगाने खड्डे पाडून बाहेरची माती भरली किंवा जांभ्याचे चिरे कापायला चिरेखाण काढली, तर मात्र मूळचा थरच नाहीसा होतो. मग गुरे आवरून किंवा कापणी पुढे ढकलून काही साधत नाही.